मंदाकाकू भुसारी, स्की इन्स्ट्रक्टर

मंदाकाकू भुसारी आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो. त्या तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या, मी चौतीसचा. नोकरी फक्त शनिवार-रविवारची. सिएटलपासून तासाभरावर डोंगरातल्या खिंडीत एक स्की रिसॉर्ट आहे. तिथे आयुष्यात पहिल्यांदा पायात स्की चढवणाऱ्यांना शिकवायचं. मला त्याच वर्षी ग्रीन कार्ड मिळालं होतं, त्यामुळे ऑफिसखेरीज दुसरं काम करायची मुभा आली होती. इन्स्ट्रक्टरला सीझन पास फुकट मिळतो, तेवढ्यासाठी मी अर्ज टाकला होता.

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी आम्ही वीसेक नवखे बर्फात गोल करून उभे होतो. बहुतेक सगळी कॉलेजातली मुलं-मुली. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला इन्स्ट्रक्टर का व्हायचंय? कोणाला मुलं आवडत होती, कोणाला मोकळी हवा. मी काहीतरी 'कम्युनिटी'बद्दल बोललो. काकूंची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी गॉगल कपाळावर सरकवला, आणि एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाल्या, "मला पहिल्यांदा ज्याने शिकवलं, त्याने फार वाईट शिकवलं. ते काम नीट करता येतं की नाही, हे मला पाहायचं आहे."

कोणी हसलं नाही. त्या विनोद करत नव्हत्या, हे सगळ्यांना कळलं होतं.

त्या मराठी आहेत हे मला दुपारी कळलं. जेवणाच्या सुट्टीत त्या जिन्यावर बसून फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "अहो, मी कुठं नाही म्हणून राहिली? पण बूट काढायला दहा मिनिटं लागतात ना." फोन संपल्यावर मी ओळख करून दिली. "पुण्याचा का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "असू दे," त्या म्हणाल्या, आणि खिशातून मुरमुऱ्याच्या चिवड्याची पुडी काढून माझ्यापुढे धरली.

आम्ही दोघंही सिएटलजवळच्या बॉथेलमध्ये राहत होतो. पुढच्या शनिवारपासून सकाळी सहाला त्यांची गाडी मला घ्यायला येऊ लागली. गाडी भुसारीकाका चालवायचे. काका रिटायर झालेले इलेक्ट्रिकल इंजिनियर. त्यांनी जन्मात कधी स्की पायात घातली नाही. आम्हाला सोडलं की ते लॉजमध्ये खिडकीजवळची जागा धरून चारपर्यंत पुस्तक वाचत बसत. कोणी विचारलं तर म्हणत, "मी फक्त ड्रायव्हर."

काकूंना वाईट शिकवणाऱ्या माणसाची गोष्ट मला याच गाडीत कळली. त्या एक्कावन्न वर्षांच्या असताना त्यांच्या कंपनीची सहल डोंगरावर गेली होती. काकूंनी हौसेने क्लास घेतला. शिकवणारा मुलगा विशीतला होता. तो सगळा वेळ काकूंशी न बोलता काकांशी बोलला. "तुमच्या मिसेसना सांगा, गुडघे वाकवा." काका बिचारे साध्या बुटांत शेजारी उभे होते. तासाभराने त्या मुलाने काकांना सुचवलं, की यांना नुसतं बर्फात चालायला आवडेल, त्यासाठी वेगळे बूट भाड्याने मिळतात.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," काकू म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी परत गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही गेली. त्याच्याच क्लासला नाव घालत होती मी. चौथ्या वेळी त्याला माझ्याशी बोलणं भाग पडलं."

तिसऱ्या वर्षी त्यांचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाडाची घनता वगैरे काढून आता पुरे म्हणून सांगितलं. दूर नेपरव्हिलला राहणारी त्यांची मुलगी रडली, रागावली, महिनाभर बोलली नाही. काकूंनी प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपी करून घेतली आणि सीझन संपायच्या आत पुन्हा डोंगरावर आल्या. "ती घाबरते ते मला समजते," मुलीबद्दल त्या म्हणाल्या. "पण तिच्या भीतीसाठी मी किती वर्षं बसून राहायचं, ते ती सांगत नाही."

बॉथेलमधल्या एका औषधकंपनीच्या लॅबमध्ये काकू बावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होत्या. तयार झालेला माल तपासायचा आणि शंका आली तर अडवायचा, हे त्यांचं काम. वरचे लोक घाई करत, मालाच्या गाड्या खाली उभ्या असत, आणि काकू सही करत नसत. त्यातून त्यांना एक सवय लागली होती. कोणी काही नियम सांगितला, की त्या शांतपणे म्हणायच्या, "लिहून द्या." निम्मे नियम तिथंच संपायचे, असं त्यांचं निरीक्षण होतं.

रिसॉर्टवर हे पहिल्यांदा घडलं ते जॅकेटवरून. आम्हाला निळी जॅकेटं मिळाली. काकूंच्या वाट्याला पुरुषांचं लार्ज आलं, कारण लहान मापाची संपली होती. बाह्या बोटांच्या पुढे चार इंच लोंबत होत्या. मुलांचे बूट बांधायचे तर हातच बाहेर येईना. पुढच्या आठवड्यात काकू आल्या तेव्हा बाह्या कापून, आत अस्तर दुमडून, दुहेरी टीप मारलेली होती. आमचा सुपरवायझर डग म्हणाला, की कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये असा बदल करता येत नाही.

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "हात झाकलेल्या अवस्थेत मुलांचे बूट बांधावेत, असं मला लिहून द्या. मी शिवण उसवते."

डग जॅकेटच्या बाहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "टीप छान घातलीये." डग वाईट माणूस नव्हता. आठवडाभर एका शाळेत व्यायाम शिकवायचा, वीकेंडला इथे यायचा. घरची परिस्थिती, तीन मुलं, गुडघ्याचं ऑपरेशन. तो फक्त कायम दमलेला असायचा, आणि दमलेल्या माणसाला समोरचं काम कसंतरी उरकायचं असतं.

शिकवताना काकू वेगळ्याच दिसत. एरवी त्या बुटक्या, जरा जाड, वेणी जॅकेटच्या आत खोचलेल्या. स्कीवर आल्या की बसक्या, घट्ट, जागच्या जागी. डौल वगैरे काही नव्हता. कॉलेजातल्या पोरी जशा वळणं घेत उतरायच्या तसं काकूंना कधीच जमलं नाही. पण थांबायचं ठरवलं तिथे त्या थांबायच्या, अगदी वीतभर इकडेतिकडे न होता. त्यांचा सगळा जोर त्याच्यावर. "जायला काय, डोंगर नेतोच," त्या मुलांना सांगत. "तुम्ही थांबता कुठं ते दाखवा."

थांबण्यासाठी स्कीची पुढची टोकं जुळवून मागची फाकवायची असतात. लहान मुलांना सगळे इन्स्ट्रक्टर त्याला पिझ्झा म्हणायला शिकवतात, पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार म्हणून. काकूंनी दुसऱ्याच शनिवारी ते बंद केलं. "अकरा वाजता पिझ्झा म्हटलं की सगळ्यांना भूक लागते," म्हणाल्या. त्यांच्या वर्गात त्याचं नाव समोसा झालं. मुलांनी समोसा पाहिलेला नव्हता, म्हणून एके दिवशी त्या घरून डबाभर करून घेऊन आल्या आणि त्रिकोण दाखवून मग खायला दिला. त्यानंतर त्या उतारावर सोनेरी केसांची पाच-सहा वर्षांची पोरं "समोसा, समोसा" असं ओरडत खाली यायची आणि आईबाप खाली उभे राहून एकमेकांकडे बघायचे.

सगळी गिऱ्हाइकं या पोरांसारखी नव्हती. सकाळी इन्स्ट्रक्टर रांगेत उभे राहायचे आणि डेस्कवरून नावं पुकारली जायची. काकूंचं नाव पुकारलं की समोरच्याचा चेहरा क्षणभर पडायचा. त्यांना तिथे एखादा उंच, उन्हाने रापलेला मुलगा हवा असायचा. गोऱ्या लोकांनी हे निदान हसून लपवलं. आपल्या माणसांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

जानेवारीत एक जोडपं आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. खासगी क्लास घेतला होता. काकू पुढे आल्या, हात पुढे केला. नवरा बायकोकडे वळून मराठीत म्हणाला, "अगं, ही तर महाराष्ट्र मंडळातली काकू वाटतेय. हिच्याकडून काय शिकणार? डेस्कवर सांगून बदलून घेऊ." मी शेजारीच होतो.

काकू मराठीत म्हणाल्या, "डेस्क तिकडं आहे, डावीकडे. जरूर बदलून घ्या. तोवर पोरीचे बूट बदलून देते. उलटसुलट घातले आहेत तुम्ही. डावा उजव्यात आहे."

त्या खाली बसल्या, बर्फात, गुडघ्यांवर. मुलीचे बूट काढले, मोजे ओढून नीट केले, बूट बरोबर पायात चढवले, कड्या लावल्या. मुलगी सकाळपासून पाय दुखतोय म्हणून कुरकुरत होती म्हणे, आणि वडील तिला सवय होईल म्हणून सांगत होते. ती उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि म्हणाली, "I want to stay with her." वडील काहीतरी सॉरी वगैरे पुटपुटले. काकूंनी त्यांना वाईट वाटू नये म्हणून काहीही केलं नाही. "तीनला या," एवढंच म्हणाल्या.

आता फेब्रुवारीतल्या त्या लाँग वीकेंडबद्दल सांगतो.

शनिवारी सकाळी साडेआठलाच पार्किंग भरलं. मागे हायवेपर्यंत गाड्या. रात्रभर बर्फ पडून पहाटे त्याचा पाऊस झाला होता. आमच्याकडच्या अशा ओल्या जड बर्फाला लोक सिमेंट म्हणतात, आणि त्यात स्की वळवणं खरंच तसं असतं. चार इन्स्ट्रक्टर फ्लू म्हणून आले नव्हते. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एका वर्गात जास्तीत जास्त आठ मुलं असं सांगितलं होतं. त्या दिवशी मला अकरा मिळाली, काकूंना चौदा. पाच ते सात वर्षांची.

सकाळचं सत्र आम्ही सपाट जागेवर आणि मॅजिक कार्पेटवर काढलं. मॅजिक कार्पेट म्हणजे एक जमिनीलगतचा सरकता पट्टा. मुलं त्यावर उभी राहून छोट्या चढावर जातात. जेवणानंतर त्या पट्ट्याची रांग तिकीटखिडकीपर्यंत पोचली. लोक चिडायला लागले. डग वॉकीटॉकी रेडिओ हातात घेऊन पावसातून आला आणि म्हणाला, की सगळ्या वर्गांनी आता चेअरलिफ्टने वर जायचं, पट्टा मोकळा करायचा.

चेअरलिफ्ट म्हणजे तारेवर लटकणारी बाकडी. न थांबता मागून येतात, आपण बसायचं, ती उचलून नेतात. लहान मुलाशेजारी मोठं माणूस लागतं. मुलं जास्त असली तर इन्स्ट्रक्टर रांगेतल्या अनोळखी लोकांना विनंती करतो, एकेक मूल घ्याल का म्हणून.

"माझ्याकडे किती मुलं आहेत?" काकूंनी डगला विचारलं.

"चौदा."

"त्यातल्या किती जणांना थांबता येतं?"

डगला ठाऊक नव्हतं.

"पाच," काकू म्हणाल्या. "नऊ जणांना अजून येत नाही. वर नेलं तर ती खाली कशी आणू?"

"मंदा, आज सगळेच नेतायत. अभी पण नेतोय." त्याने माझ्याकडे बोट केलं. मी मान डोलावली. माझ्याही वर्गात थांबता न येणारी चार मुलं होती. तरी मी मान डोलावली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "लिहून द्या," त्या डगला म्हणाल्या. "एक इन्स्ट्रक्टर, चौदा मुलं, चेअरलिफ्ट. खाली तुमची सही."

रेडिओवर कोणीतरी डगला हाका मारत होतं. डगचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला. "मी तुला विचारत नाहीये. इथलं जॅकेट अंगात आहे तोवर मी सांगेन ते करायचं."

काकूंनी हातमोजे काढून काखेत धरले. जॅकेटची चेन उघडली. जॅकेट काढलं, बाह्या आत घेऊन, इस्त्रीचे कपडे घडी करतात तशी त्याची घडी केली आणि डगच्या हातात दिली. आत साधा हिरवा स्वेटर होता. त्याच्यावर लगेच पावसाचे थेंब दिसायला लागले.

"आता मी तुमची कोणी नाही," त्या म्हणाल्या. "पण या मुलांच्या आईबापांनी सकाळी ती माझ्या हातात दिली. साडेतीनला न्यायला येतील. तोवर मी इथेच आहे, आणि ती पण."

आणि त्या मुलांकडे वळल्या.

डग जॅकेट हातात धरून उभा राहिला. चौदा मुलं सोपवायला त्याच्याकडे दुसरं माणूस नव्हतं. काकूंना ते माहीत होतं. तो निघून गेला.

मी माझी अकरा मुलं घेऊन लिफ्टच्या रांगेत लागलो.

पहिल्या बाकावर मी आणि दोन मुलं बसलो. मागच्या दोन बाकांवर अनोळखी माणसांबरोबर आणखी तिघं. चौथ्या बाकावर क्लोई नावाची सहा वर्षांची मुलगी, एका स्नोबोर्डवाल्या तरुणाबरोबर. मी वळून बघत होतो. बाक आलं, तरुण बसला, क्लोई नुसती टेकली. बाक वर उचललं गेलं तशी ती पुढे घसरली. तरुणाने तिच्या जॅकेटची बाही पकडली. ती माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर एका हाताने लोंबत राहिली. ऑपरेटरने लिफ्ट बंद केली आणि धावत तिच्याखाली जाऊन तिला झेललं.

सगळं मिळून दहा सेकंद झाली असतील. मी तीस फूट उंचीवर, हवेत, पाय लटकवून बसलो होतो. ओरडण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, आणि मला ओरडताही आलं नाही.

क्लोईला काही लागलं नाही. पण लिफ्ट पुन्हा सुरू झाली आणि मला पाच मुलांसह वर न्यावंच लागलं. खाली सहा मुलं इन्स्ट्रक्टरशिवाय उभी होती. वरची पाच मुलं त्या सिमेंटमधून खाली आणायला मला चाळीस मिनिटं लागली. एकाला तर पायांमध्ये धरून आणलं. त्या चाळीस मिनिटांत खालच्या सहांचं काय झालं असेल, याचे सगळे प्रकार माझ्या डोळ्यांसमोर येऊन गेले.

खाली आलो तर हिरव्या स्वेटरमधल्या काकू वीस मुलांच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांची चौदा, माझी सहा. लिफ्ट थांबलेली पाहून त्या आपल्या वर्गाला हात धरून साखळी करायला लावून तिथे गेल्या होत्या आणि माझी मुलं त्याच साखळीत जोडून घेऊन आल्या होत्या. क्लोई त्यांच्या पायाला चिकटून उभी होती. जरा बाजूला भुसारीकाका. लॉजच्या खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि आपला ओव्हरकोट घेऊन बाहेर आले होते. काकूंनी तो घातला नाही. "त्यात हात हलत नाही," म्हणाल्या. मग काका तो कोट हातांवर धरून, पावसात, साडेतीनपर्यंत तसेच उभे राहिले. स्वतःही घातला नाही त्यांनी.

मला वाटलं काकू रागावतील.

"मोजली का?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"परत मोज."

मी बोट लावून मोजली. अकरा.

"आता इकडे रांगेत उभी कर. तू त्या टोकाला राहा."

आम्ही दोघांनी उरलेला वेळ पंचवीस मुलांना सपाट जागेवर शिकवलं. पुढे सरका, थांबा. पुढे सरका, थांबा. पट्ट्याच्या रांगेतले लोक आमच्याकडे वैतागून बघत होते. दोन वेळा कोणीतरी काकूंना जागा अडवू नका म्हणून सांगितलं. त्या त्यांना नावं विचारत होत्या. नाव विचारलं की माणूस पुढे जातो.

साडेतीनला आईबाप आले. क्लोईची आई आली तेव्हा मी काकूंकडे बघितलं.

"तू सांग," त्या मराठीत म्हणाल्या. "मी नाही सांगणार."

मी सांगितलं. आईचा चेहरा पांढरा पडला. तिने मुलीला उचललं, तिची मान, हात चाचपून पाहिले आणि मग विचारलं, इथे प्रमुख कोण आहे? काकूंनी सबंध हात लांब करून डगकडे दाखवलं.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये डगने माझ्यापुढे फॉर्म ठेवला. अपघाताची नोंद. मजकूर त्याने लिहून ठेवला होता. मुलीने सूचनेप्रमाणे मागे सरकून न बसल्यामुळे ती घसरली, असा. मी पेन हातात घेतलं. खोटं सांगत नाही, मी सही करणार होतो. एक तर प्रकरण मिटलं असतं, आणि तिला काही लागलंही नव्हतं.

काकू पलीकडच्या बाकावर वेणी पिळत बसल्या होत्या. फरशीवर पाण्याचं थारोळं झालं होतं. तिथूनच त्यांनी विचारलं, "पूर्ण वाचलं का?"

"हो."

"मागे सरकून बस, असं तू सांगितलं होतं तिला?"

मी सांगितलं नव्हतं. मी पहिल्या बाकावर होतो. क्लोई रांगेत माझ्यामागे सहावी होती आणि तिच्याशी मी सकाळपासून नावापलीकडे एक वाक्य बोललो नव्हतो.

मी त्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, की एका इन्स्ट्रक्टरकडे अकरा मुलं होती, इन्स्ट्रक्टर पहिल्या बाकावर होता, मुलीला सूचना देण्यात आलेली नव्हती. इन्स्ट्रक्टरचं स्पेलिंग चुकलं, तेही तसंच ठेवलं. डगने ते वाचलं. आणि तो कागद त्याने तसाच वर पाठवला, हे त्याच्याबद्दल मला सांगितलंच पाहिजे.

मग काकूंचा कागद. आदेश न पाळल्याबद्दल लेखी समज. काकूंनी चष्मा लावून तो नीट वाचला. खाली इंग्रजीत लिहिलं, "वरील मजकूर खरा आहे. उद्याही मी हेच करेन." सही केली, तारीख घातली आणि एक झेरॉक्स मागून घेतली.

उद्या त्या येतील असं डगला वाटलं नसावं. मलाही नव्हतं. रविवारी सकाळी सहाला गाडी नेहमीसारखी माझ्या दारात उभी होती. काकू पुढच्या सीटवर, कालचाच स्वेटर ड्रायरमध्ये वाळवून घातलेला. साडेआठला त्या तशाच, जॅकेटशिवाय, रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंना निळी जॅकेटं, मध्ये एक हिरवा ठिपका. सगळे डगकडे बघत होते. तो आत गेला, जॅकेट घेऊन आला आणि त्याने ते त्यांच्या हातात दिलं. मग यादीवरून त्यांच्या वर्गाची नावं वाचली. आठ.

माझीही त्या दिवशी आठच होती.

एप्रिलमध्ये सीझन संपल्यावर आम्हा सगळ्यांना पुढच्या वर्षीची पत्रं आली. काकूंच्या पत्रात आपल्या सेवेची गरज नाही असं होतं. कारण दिलेलं नव्हतं. शेवटचं सामान आणायला आम्ही एकत्र गेलो होतो. परत येताना खिंडीपासून बॉथेलपर्यंत काकू खिडकीबाहेर बघत होत्या. काकांनी रेडिओ बंद केला. माझ्या घराशी गाडी थांबल्यावर त्या खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, "मला ते काम आवडत होतं रे." मी उतरून गाडीचं दार लावलं.

पुढच्या डिसेंबरात मी कामावर गेलो तर लिफ्टजवळ नवी पाटी लागली होती. चेअरलिफ्टवर एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त सहा मुलं, आणि मुलांना बसवायला खाली एक मदतनीस. मी फोटो काढून काकूंना पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं. "अक्षर लहान आहे. दुरून वाचता येणार नाही."

नंतर महिनाभर त्यांची काही खबर नव्हती. मग जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी डग मला शोधत आला. त्या रिसॉर्टवर एक कडक नियम आहे. त्यांच्या इन्स्ट्रक्टरखेरीज तिथे कोणी कोणाला शिकवू शकत नाही. सापडलं तर पास जप्त होतो.

"मंदा आलीये," डग म्हणाला. "पास विकत घेऊन आलीये. बरोबर सहा बायका आहेत. उतारावर गस्त घालणारी मुलगी म्हणते, ती त्यांना शिकवतेय. मंदा म्हणते, मैत्रिणी आहेत, गप्पा मारतोय. त्यांची भाषा कोणाला कळत नाही. तू जाऊन ऐकून ये."

मी गेलो. सोप्या उताराच्या मध्यावर सहा बायका ओळीने उभ्या होत्या. कोणाचं जॅकेट नवऱ्याचं, कोणाचं मुलाचं. एकीने हेल्मेटखाली मफलर गुंडाळला होता. सगळ्या चाळिशी-पन्नाशीच्या, आणि सगळ्यांचे पाय लटपटत होते. त्यांच्यासमोर, उताराकडे पाठ करून, काकू. स्वतःचं विकत घेतलेलं लाल भडक जॅकेट. शेजारी गस्तीवरची मुलगी वही घेऊन उभी.

"गुडघे पुढे," काकू म्हणत होत्या. "मीना, पायाकडं काय पाहून राहिली? पाय कुठं जात नाहीत तुझे. समोर पाहा, माझ्याकडं. वैशाली, श्वास घे बाई. हो. आता टाचा फाकवा. हळू, हळू. बस. थांबली ना? कोण म्हणत होतं, वय झालं म्हणून?"

"माझा भाऊ," वैशाली म्हणाली.

"त्याला फोटो पाठव."

त्यांनी मला पाहिलं. मी कशासाठी आलोय ते त्यांना कळलं असणारच. ना मान हलवली, ना आवाज कमी केला. मी वळलो आणि डगकडे गेलो.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"गप्पा," मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

"गुडघ्यांबद्दल."

डगने माझ्याकडे नीट बघितलं. मग स्वतःच्या ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावरून त्याने हात फिरवला. रेडिओ तोंडाशी नेऊन गस्तीवरच्या मुलीला म्हणाला, "जाऊ दे. गप्पाच आहेत."

त्याच वसंतात माझी नोकरी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅरीला आली आणि मी निघालो. काकूंना मी प्रत्यक्ष पाहिलं ते उतारावरच्या त्या शनिवारीच शेवटचं. वर ढग उतरत होते. उतारावर बायकांची ती रांग वाकडीतिकडी होत, एकमेकींना हाका मारत खाली येत होती, आणि तिच्यापुढे काकू उलट्या, बायकांकडे तोंड करून घसरत होत्या. आपण कुठे चाललोय ते न बघता, दोन्ही हात पसरून, एकेकीचं नाव घेत.